मगदूम सरांचा नारळ

"वहिनी, अण्णा आहेत का घरात?"

दारात मगदूम सर उभे होते आणि त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत नारळ आहे हे मला न उघडताच कळलं. दसरा झाला की सर आमच्या दारात येणार आणि त्यांच्या पिशवीत नारळ असणार, हे आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही पाठ झालं होतं.

"नाहीत. दळण आणायला गेलेत," मी म्हटलं. "आणि असते तरी या वर्षी ते नाहीत असंच समजा."

सर हसले. हायस्कुलात मराठी शिकवणारा माणूस. रागावलेल्या बायकांपुढं कसं हसावं याचा त्यांना नाटकांमुळं भरपूर सराव होता.

"बरं. नारळ तेवढा ठेवून जातो. अण्णांना द्या."

असं म्हणून त्यांनी नारळ कट्ट्यावर ठेवला आणि मी पुढं काही बोलायच्या आत सायकलवर टांग टाकून निघूनही गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. इचलकरंजीत आमचं घर यंत्रमागांच्या मधोमध होतं, दिवसभर खडखडाट. हे, म्हणजे सरांचे अण्णा, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आणि तरुणपणापासून मगदूम सरांच्या नाट्यमंडळात पडद्यामागं काम करायचे. काम म्हणजे काय, तर दुसऱ्यांनी तोंडाला रंग लावून टाळ्या घ्यायच्या आणि यांनी अंधारात सोफे उचलायचे. लष्कराच्या भाकऱ्या! आमच्या मोरीतला नळ गळत असला तर तो वर्षभर गळेल, पण नाटकातल्या पुठ्ठ्याच्या घराचं दार जरा करकरलं की यांना अन्न गोड लागत नसे.

सरांच्या मंडळाची एक रीत होती. नटांना नुसता निरोप जायचा, अमुक दिवशी तालीम आहे, या. एक नट आला नाही तर चार जण रांगेत असायचे. पण पडद्यामागच्या माणसाच्या घरी सर स्वतः नारळ घेऊन जायचे. नारळ ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला. तो देवापुढं ठेवायचा, प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहावर न्यायचा आणि पडदा उघडायच्या आधी रंगमंचावर वाढवायचा. ज्याला जमणार नसेल त्यानं नारळ परत द्यायचा. सर एका शब्दानं बोलत नसत.

रीत चांगली होती, पण माणसं काही टिकत नव्हती. सेट उचलायला जो कुणी यावा त्याला पुढच्या वर्षी रोल हवा असे. सर म्हणायचे, "बघू." तो एक वर्ष बघायचा, दुसऱ्या वर्षी तोंड फिरवायचा. वर्षानुवर्षं टिकले ते दोघंच. एक रिक्षावाला बापू चौगुले आणि दुसरे आमचे हे.

आदल्या वर्षी हे प्रयोगाहून आले ते कपाळाला पट्टी बांधूनच. "फळी लागली," एवढंच म्हणाले. खोक चांगली मोठी होती. तेव्हापासून हा माणूस जरा उतरल्यासारखाच झाला होता. बोलणं कमी, जेवण कमी, कपाळाला सारखा बाम चोळत बसायचं. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आता पुरे. फुकटचा हमाल म्हणून मी यांना मरू देणार नाही.

त्या दिवशी हे दळण आणायला गेलेले परत आले ते हात हलवत.

"डबा कुठाय?" मी विचारलं.

"कसला डबा?"

"पिठाचा! गिरणीत कशाला गेला होता तुम्ही?"

त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडं बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हायला वाटतं तिथंच."

"नाटकातला डबा असता तर बरा लक्षात राहिला असता!" मी म्हटलं, आणि मीच जाऊन डबा घेऊन आले. येताना डोक्यात असला संताप होता, की आल्या आल्या कट्ट्यावरचा तो नारळ घेतला, मागच्या दारी धुण्याच्या दगडावर आपटला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या वड्या थापून मोकळी झाले. नारळच नाही तर शब्द कसला!

दोन-चार दिवसांनी सर आणि बापू तालमीचा दिवस सांगायला आले. हे मारुतीच्या देवळात गेले होते. मी मुद्दाम बशीत वड्या घालून पुढं ठेवल्या.

"वा," सर म्हणाले. "मऊ झाल्यात. काय विशेष?"

"विशेष काही नाही. तुमचाच नारळ आहे."

बापू खाता खाता थांबला. त्यानं सरांकडं बघितलं, सरांनी त्याच्याकडं.

"वहिनी, तुमी सोता फोडला?" बापूनं विचारलं.

"मीच. त्या मागच्या दगडावर."

"मग झालं की!" बापूनं उरलेली वडी तोंडात टाकली. "ज्यानं नारळ वाढवला त्यानं काम सुरू केलं. आता तुमी सुटत न्हाई."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण सर हसत नव्हते. ते म्हणाले, "रीत तशीच आहे, वहिनी."

माझा स्वभाव असा, की मला कुणी अडवलं की मी मागं सरायच्या ऐवजी पुढं जाते. या स्वभावानं आजवर पुष्कळ नुकसान केलंय. पदर खोचून मी म्हटलं, "येते. सोफे उचलायला काय अक्कल लागते? पण माझी एक अट आहे. मी येणार, हे येणार नाहीत."

आता हे दोघं गयावया करतील असं मला वाटलं होतं. अण्णांशिवाय कसं व्हायचं, एवढ्या वर्षांचा माणूस, वगैरे. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण बापूनं बशी खाली ठेवली. सरांनी नुसता चष्मा पुसला.

"प्रयोगाला तरी आणा त्यांना," सर म्हणाले. " मागं बसतील."

ते गेल्यावर मला आणखीनच राग आला. एवढी वर्षं माझ्या माणसानं तुमच्यासाठी घाम गाळला, आणि तो येणार नाही म्हटल्यावर तुम्हाला साधं "अरेरे" म्हणवत नाही? गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते हेच.

हे आल्यावर मी सगळं स्पष्ट सांगून टाकलं. नारळ मी फोडला, या वर्षी मी जाणार, तुम्ही घरी बसणार. ते खो खो हसले.

"तू? अगं, पाट उचलतानाबी कंबर धरतीस तू!"

त्यांना किती तरी दिवसांनी हसताना बघून मलाही हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "मगदूम सर आले न्हाईत गं अजून?"

मी समजले, टोमणा आहे. कपबशी उचलून मोरीत गेले.

तालमी हायस्कूलच्या हॉलमध्ये असायच्या. पडद्यामागं आम्ही तिघंच. बापू, पतसंस्थेत काम करणारी तेजू कांबळे आणि मी. नाटक एका घराच्या वाटणीचं होतं. पहिल्यांदा दिवाणखाना, मग अंधार करून त्याचा दवाखाना करायचा, पुन्हा अंधार करून वकिलाचं ऑफिस, आणि शेवटच्या अंधारात परत दिवाणखाना. अंधार असेपर्यंतच काय ते हलवायचं. बापूनं मला पहिल्याच दिवशी चपला काढायला लावल्या.

"अनवाणी चालायचं, काळे कपडे घालायचे अन् त्वांडातनं आवाज काढायचा न्हाई. काळोखात आपण बोललो की लोकांस्नी घर दिसत न्हाई, हमाल दिसत्यात."

"मग कुणाला काही सांगायचं असलं तर?"

"खांद्यावर हात. एकदा थापटलं की चला, दोनदा थापटलं की थांबा. ही सगळी अण्णांनीच बसवल्याली पद्धत हाय."

मला हे नवीन होतं. घरात हा माणूस कधी काही बसवताना मी बघितला नव्हता.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायला लागलं. टेबलाचं एक टोक बापूनं धरायचं, एक मी धरायचं आणि डोळे मिटून बरोबर जागेवर ठेवायचं. जमलं की आतून एकदम गार वाटायचं. एकच गोष्ट मला पटत नव्हती. बापू प्रत्येक वेळी एक माणूस रिकामं ठेवायचा. बाकीच्यांनी सामान उचलायचं आणि तेजूनं हातात काही न घेता सगळ्यांच्या मागून चालायचं.

"अरे, आधीच माणसं तीन," मी म्हटलं. "त्यात ही महाराणी रिकामी कशाला?"

तेजूनं खाली बघितलं. बापू म्हणाला, "असावं लागतंय एक मागं. सवय हाय आमची."

"ही कसली सवय?"

"हाय आपली," म्हणून तो दोरी गुंडाळायला लागला.

घरी मात्र दिवस बरे चालले नव्हते. मी तालमीला निघाले की हे काळा शर्ट घालून उंबऱ्यावर बसलेले असायचे.

"निघायचं?"

"तुम्ही नाही यायचं. सांगितलंय ना?"

"बरं," म्हणायचे आणि तिथंच बसून राहायचे. दुसऱ्या दिवशी परत काळा शर्ट. एकदा तर बटणं वरखाली लावलेली. मी चिडून ती सोडवली आणि नीट लावून दिली. मोठ्या माणसानं इतका हट्ट करावा का! एका संध्याकाळी माझा हात धरून म्हणाले, "माझं काय चुकलं गं? सरांनी औंदा नारळच दिला न्हाई."

क्षणभर वाटलं, न्यावं बरोबर. पण त्यांच्या कपाळावरचा वण माझ्या अगदी डोळ्यांपुढं होता.

"पुढच्या वर्षी देतील," मी म्हटलं आणि शेजारच्या सरूबाईंना लक्ष ठेवायला सांगून निघाले.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी त्यांना बरोबर घेऊन गेले. शर्ट काळाच हवा म्हणाले. म्हटलं, घाला बाबा. आपण प्रेक्षकांत बसणार आहोत हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि कडेच्या खुर्चीवर सरूबाईंच्या शेजारी बसवलं. सरांनी माझ्यासाठी नवा नारळ आणला होता, आधीच्याच्या तर आम्ही वड्या खाल्ल्या होत्या. तो मी रंगमंचावर वाढवला. पाणी पायावर उडालं. सगळ्यांनी नटराजाला हात जोडले आणि तिसरी घंटा झाली.

पहिला अंधार नीट पार पडला. सोफा बाहेर, बाकडं आत, सलाईनचा स्टँड जागेवर. विंगेत येऊन मी बापूकडं बघितलं, त्यानं मान हलवली. मला वाटलं, चला, जिंकलो.

दुसऱ्या अंधारात मी बाकड्याचं टोक धरून मागं सरकत विंगेत पोचले, तेव्हा माझ्या शेजारून कुणीतरी गेलं. पावलांचा आवाज नाही. बामाचा वास मात्र आला.

माझा हात बाकड्यावर तसाच राहिला. प्रेक्षकांतून विंगेत यायचं दार यांना मी दाखवायला हवं होतं थोडंच? ते दार त्यांनीच बसवलं असेल. विंगेत लावलेल्या निळ्या दिव्याच्या उजेडात मला त्यांची पाठ दिसली. हातात खुर्ची होती. भर दिवसा चालावं तसे ते रंगमंचाच्या मधोमध गेले, खुर्ची पुढं अगदी प्रेक्षकांच्या तोंडावर ठेवली आणि एका बोटानं तिची पाठ सरळ केली.

त्या जागी खुर्ची नव्हतीच. या नाटकात कुठल्याच प्रवेशात तिथं खुर्ची नव्हती. असेल ती कुठल्यातरी जुन्या नाटकातली.

मी हलायच्या आत तेजू तिथं पोचली. हातात काही नसलेली तेजू. तिनं खुर्ची उचलली आणि बाहेर आणली. ती दचकली नाही, गोंधळली नाही. हे मागं वळून टेबलाकडं आले. बापूनं त्यांना टेबल घेऊ दिलं. त्यांनी ते नको तिथं ठेवलं, आणि ते बाजूला झाल्यावर बापूनं आवाज न करता ते सरकवून जागेवर आणलं. रोज भाकरी थापणाऱ्या बाईचे हात चालावेत तसं त्या दोघांचं चाललं होतं. मग मला कळलं, की रिकामं माणूस कशासाठी ठेवतात.

आणि हे मध्ये उभे राहिले. दोन्ही हात मोकळे. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. कुठल्या बाजूला जायचं ते त्यांना सुचत नव्हतं. आता लाइट येणार होता, आणि सगळ्या गावासमोर माझा माणूस हरवल्यासारखा उभा दिसणार होता.

पण लाइट आला नाही. पलीकडच्या विंगेत सरांनी लाइटवाल्याला थांब म्हणून हात वर धरला होता. अंधारात वाजायची ती सतार संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. म्हणजे लाइटवाल्याला ठाऊक होतं, आवाजवाल्याला ठाऊक होतं. एक मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

बापू निघाला होता. मी त्याच्या खांद्यावर दोनदा थापटलं. तो थांबला.

मी गेले. त्यांच्या मागं उभी राहिले, खांद्यावर हात ठेवला आणि एकदा थापटलं. खांदा लगेच सैल पडला. त्यांनी वळून बघितलं नाही. मी हातानं वळवलं तसे वळले आणि माझ्या पुढं चालत विंगेत आले. आमच्या पाठीमागं लाइट आला आणि वकिलाचं ऑफिस दिसल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यांना ट्रंकेवर बसवलं आणि बापूला मी पडद्याच्या घडीत ओढलं.

"किती वर्षं चाललंय हे?"

"तीन झाली," तो माझ्या कानाशी बोलला. "पैल्यांदा वाटलं, वय झालं. मग एकदा मलाच इचारलं, तुमी कोन म्हणून. तवापास्नं एकजण मागं ठेवतोय. औंदाबी ते आल्याबगर ऱ्हाणार न्हाईत, ठाऊक हुतं. मागल्या साली लाइट लवकर आला, म्या घाईनं वडलं अन् फळी लागली त्यास्नी. माझ्या हातनं झालं ते."

"आणि मला एका शब्दानं नाही?"

"सर तेवढ्यासाठीच येत हुते की घरी. दरवर्षी म्हणायचे, आज वहिनीस्नी सांगतो. अण्णा नारळ हातात घ्यायचे अन् असं हसायचे, की सर तसंच माघारी. तुमी येतो म्हणाला तवा आमास्नी वाटलं, बरं झालं. मागं ऱ्हायला घरचं माणूस आलं."

माणसं मिळत नाहीत म्हणून सर नारळ घेऊन फिरतात असं मी समजत होते. मिळालेल्या तीन माणसांतलं एक माणूस ते माझ्या नवऱ्यासाठी बाजूला काढत होते, आणि मी त्यांना दारातून बोल लावत होते. पिठाचा डबा, वरखाली लावलेली बटणं, "सर आले न्हाईत अजून?" हे सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. घरात मी उजेडात बघत होते, तरी मला काही दिसलं नव्हतं. मी पडद्याचा बोळा तोंडात धरून रडले. आवाज करायचा नव्हता.

डोळे पुसून यांच्याकडं गेले. निळ्या दिव्याखाली ते ट्रंकेवर बसले होते. कपाळावर घाम होता, पण चेहरा किती तरी महिन्यांत बघितला नव्हता इतका खुशीत होता. मला बघून त्यांनी बोटानं जवळ बोलावलं आणि कुजबुजले, "नवीन दिसताय तुमी."

लग्नापासून या माणसानं मला कधी "तुमी" म्हटलं नव्हतं. वाटलं, चेष्टाच असावी. मी वाकून त्यांच्या डोळ्यांत बघितलं. चेष्टा नव्हती. तिथं माझी ओळखच नव्हती.

"हो," मी म्हटलं. "या वर्षीच आलेय."

"हात बरा हाय तुमचा. माणसाला घाबरवत न्हाई. ते शिकवून येत न्हाई बगा." ते जरा सरकले आणि मला ट्रंकेवर बसायला जागा केली. "सोडून जाऊ नका. सगळी येत्यात, रोल मागत्यात अन् जात्यात. काळोखात टिकणारं माणूस मिळत न्हाई आमाला."

"नाही सोडणार."

"घरी कोण असतंय?"

"नवरा आहे."

"अडवतोय का?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"अडवला तर मला सांगा," ते म्हणाले. "मी सोता येतो तुमच्या घरी सरांना घेऊन. आमची रीत हाय तशी. नारळ देतो त्याच्या हातात अन् सांगतो, बाबा, हिला पाठव. आमाला गरज हाय हिची."

पलीकडं उजेडात वकील मोठमोठ्यानं बोलत होता. थोड्या वेळात पुन्हा अंधार होणार होता. मी त्यांच्या शर्टाचं गळ्यापाशी सुटलेलं बटण लावलं.

"या की," मी म्हटलं. "मी वाट बघते."